लाकडाविना बांधलेलं घर

बैस इथं, कॉफी ओतून घे, आणि ते समोरचं दगडी घर बघ, टोपली उपडी घातल्यासारखं. त्याची गोष्ट सांगतो तुला. उगाच लांबवणार नाही.

दोनशे वर्षांपूर्वी नौदे नावाचा एक गोरा माणूस मेंढ्या घेऊन इथं आला. झरा दिसला, राहिला. पण आमच्या या कारूच्या कोरड्या माळावर तुळईपुरतं झाड कुठलं? म्हणून नुसत्या दगडांचं घर, वर जाता जाता आत सरकत मिटलेलं. दारावर पाटी होती, नौदेनं स्वतःच्या हातानं बांधलं म्हणून. आमच्यात वेगळं सांगतात. नौदे बैलगाडीच्या सावलीत बायबल वाचायचा, आणि दगड रचायचा आमचा खापरपणजा याफ्ता.

पुढं नौद्यांच्या शेतावर राबणारे आम्हीच त्या घरात राहायला लागलो. माझी थोरली बहीण सिना त्याच घरात जन्मली आणि अठ्ठ्याहत्तर वर्षं तिथंच राहिली. आताचा मालक रुलोफ नौदे तिच्या कडेवर वाढलेला. पण त्याला तिथं पाहुण्यांसाठी खोली करायची होती. सिनाला म्हणाला, तुला स्टेशनाजवळ विटांचं घर देतो.

सिना म्हणाली, "पोरा, तूच जा तिथं. बायकोच्या तावडीतून सुटशील."

तो हसला, पण दर आठवड्याला येऊन तेच विचारायला लागला.

मला वाटलं, जुनी घरं जपणाऱ्या कचेरीला कळवलं तर रुलोफला घराला हात लावता येणार नाही, सिना सुखानं राहील. शाळेतल्या बाईंकडून अर्ज लिहून घेतला. कचेरीतून एक बाई आली. तिनं रुलोफला विचारलं, हा घुमट पडत कसा नाही? आतून लाकडी साचा लावला असणार, रुलोफ म्हणाला. सिना चुलीपाशी राख सारत होती. मी तिला ढोसलं, सांग की.

"साच्याला लाकूड होतं, तर छपरालाच नसतं घातलं?" सिना म्हणाली, आणि बाईला हाताला धरून बाहेर घेऊन गेली. भिंतीतून पुढं आलेले, चढायला पायऱ्यांसारखे ठेवलेले दगड दाखवले. दगडाची जड बाजू बाहेर ठेवायची, म्हणजे तो आत कलत नाही. आणि दगडांचा गोल वेढा पुरा जुळल्याशिवाय त्या दिवशीचं काम सोडायचं नाही. आमच्या आईनं तिला शिकवलेलं. बाईनं अक्षरन् अक्षर लिहून घेतलं. रुलोफचे कान लाल. मी त्या संध्याकाळी दोन पेले जास्तच घेतले.

तीन महिन्यांनी कागद आला. घर सरकारनं जपायला घेतलं. पाटीवर याफ्ताचं नाव येणार. आणि पुढं, आत कुणी राहायचं नाही. चूल नाही, शेणाचं सारवण नाही. रुलोफनंच वाचून दाखवलं. खोटं कशाला बोलू, ती ओळ वाचताना तोही अडखळला.

सिना मला म्हणाली, "फ्लोरस, तू 'सांग' म्हणालास."

एवढंच. मग चुलीतली राख भरली, बाहेर नेऊन टाकली आणि विटांच्या घरात गेली. आता माझ्याशी बोलते ते 'मीठ दे', 'दार लाव', इतकंच.

सारवण थांबलं तशी जमीन फुटली, उंदरांनी बिळं केली. सिना कुंपणाबाहेर उभी राहून बघते, आणि परत जाते.

तुला लिहिता येतं. कचेरीतल्या त्या बाईंना चार ओळी लिही. राहू नका देऊ हवं तर म्हणावं, पण आठवड्यातून एकदा म्हातारीला आत जाऊन जमीन सारवू द्या. पत्राखाली माझं नाव नको घालूस. तिचंच घाल.