तीन बोल्ट

माझ्या नाकावर राग असतो, हे दिल्लीतल्या मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत गार्डलासुद्धा माहीत आहे. पण त्या आठवड्यात मी जे केलं ते रागाच्या भरात नाही केलं, म्हणून सांगते.

आमच्या ह्यांना, सुधन्वांना, दोन वर्षांपासून कंपवात आहे. गाडी चालवणं बंद करा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, तर घरी येऊन म्हणतात, "त्याला गाडीतलं काय कळतं?" पुढच्याच महिन्यात अक्षरधामजवळ ह्यांचा पाय ब्रेकवरून घसरला. समोर स्कूटरवर एक बाई आणि मागे तिची मुलगी. वीतभर अंतर राहिलं. तेव्हापासून मी रोज भांडत होते, जेवताना, फिरायला जाताना, चक्क मेट्रोत बसूनसुद्धा.

त्यातच गाडीत इंजिनचा पिवळा दिवा लागला. ह्यांनी बॉनेट उघडून निदान केलं, धूर तपासणारा ऑक्सिजन सेन्सर गेलाय. अकरा वर्षांत ह्यांनी या गाडीला मिस्त्रीचा हात लागू दिलेला नाही. नवा सेन्सर मागवला आणि मला म्हणाले, "चलो उल्का, एकदाचं ठरवू. हा मी स्वतः बदलला, तर गाडी मीच चालवणार आणि तू गप्प बसायचंस. नाही जमलं, तर किल्ली तुझी."

"बिल्कुल," मी म्हटलं. मनात म्हटलं, सुटले.

रविवारी हे पाने घेऊन खाली गेले. सेन्सरच्या वर पत्र्याचं झाकण असतं. त्याचे तीन बोल्ट गंजून तपकिरी झालेले. पाना बोल्टवर बसायच्या आधीच थरथरून खडखड वाजायचा, आणि बसलाच तर निसटायचा. तासाभराने हे वर आले ते बोटांची सालटी काढून. मी डेटॉल घेऊन बाथरूमपाशी गेले. हे स्टुलावर बसले होते, डाव्या हाताने उजवा हात घट्ट धरून. "थांब ना जरा," त्या हाताला म्हणत होते. "थांब ना."

मी डेटॉल घेऊन तशीच मागे फिरले. मी जिंकत होते, आणि मला ते जिंकणं नको झालं होतं.

हे काही हरलो म्हणाले नाहीत. रोज संध्याकाळी बोल्टवर तेल सोडून यायचे. "आठवडाभर भिजू दे. मग बघतो."

बुधवारी शेजारचे विनायकराव ह्यांना फिजिओथेरपीला घेऊन गेले आणि मी मार्केटमधला मिस्त्री बोलावला. त्याने इंजिन गरम केलं, बोल्ट आधी किंचित आवळला, मग उलटा फिरवला. कर्र असा आवाज झाला, गेटपर्यंत ऐकू गेला असेल. तिन्ही बोल्ट निघाले, सेन्सरही सैल झाला.

"अब वापस लगा दो," मी म्हटलं.

"आंटी जी, तो खुलवाया किसलिए?"

"साहब खोलेंगे."

तो पुन्हा बोल्ट लावू लागला. पान्याने बोल्टच्या कडा चमकायला लागल्या होत्या, त्यांवर मी बोटाने काजळी फासली. घरी येऊन हात धुताना मात्र ध्यानात आलं. आता हे जिंकणार, स्टिअरिंगवर बसणार, आणि ते मी माझ्या हाताने करून ठेवलं होतं. चार रात्री मला ती स्कूटरवरची मुलगी दिसत राहिली.

रविवारी मीही खाली गेले. ह्यांनी मोठ्या कष्टाने पाना बसवला, दोन्ही हातांनी ओढला. बोल्ट सुटला. हे थांबले. बोल्टकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. दुसरा सुटला, तिसरा सुटला, जुना सेन्सर निघाला. नवा सेन्सर बसवायला मात्र अर्धा तास लागला. आटे सरळ धरत नव्हते, पुन्हा पुन्हा वाकडे जात होते. मी हात पुढे केला तर म्हणाले, "अंहं, हे मला करू दे." शेवटी बसला. हे घामाने निथळत होते. गाडी चालू करून पाहिली, दिवा गेला होता.

"अच्छा, जिंकलात," मी म्हटलं.

ह्यांनी हात पुसले, खिशातून किल्ली काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"अकरा वर्षं गंजलेला बोल्ट सुटताना ओरडतो, उल्का. हे तिन्ही गप्प होते."

"चूक झाली माझी," मी म्हटलं.

"नाही गं," म्हणाले. "पण सेन्सर मी बसवला. तो मीच बसवला ना?"

"तुम्हीच बसवलात. मी समोर उभी होते."

बुधवारी फिजिओथेरपीला मी गाडी काढली. हे शेजारच्या सीटवर बसले, आणि ड्रायव्हरच्या सवयीने ह्यांचा हात उजव्या खांद्यावर गेला, सीटबेल्ट शोधत. तिथे बेल्ट नव्हता. हात तसाच खांद्यापाशी थरथरत राहिला. मी ओणवी होऊन ह्यांच्या डाव्या बाजूचा बेल्ट ओढला आणि लावून दिला.