तीन इंचांची लाज

मी एक ठोकळा बोलतोय. गाड्यांच्या दुकानात मला स्पेसर म्हणतात, पण मी गोल, लाल रंगाचा, मधोमध भोक असलेला ॲल्युमिनियमचा ठोकळाच आहे. मठ्ठ माणसाला लोक ठोकळा म्हणतात, त्याचं मला पूर्वी वाईट वाटायचं. आता वाटत नाही. मठ्ठ माणसाने निदान कुणाचं नुकसान तरी केलेलं नसतं.

माझा जन्म लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर झाला. सोलून, घासून, रंगवून मला खोक्यात घातलं तेव्हा शेजारी अगदी माझ्यासारखेच तीन भाऊ होते. खोक्यावर डोंगराच्या टोकावर उभ्या असलेल्या जीपचं चित्र होतं. त्या डोंगरावर आम्ही कधी गेलो नव्हतो, पण रोज ते चित्र पाहून पाहून आपण तिथलेच, असं मला वाटायला लागलं. कौतुक फुकट मिळत असलं की ते खरं आहे का, हे कोण विचारतो?

माझं काम सोपं. गाडीच्या स्प्रिंगच्या डोक्यावर बसायचं. मी तीन इंच जाड, म्हणून गाडी तीन इंच वर उचलली जाते. बस्स. मी वाकत नाही, ताणला जात नाही, धक्का पचवत नाही. नुसता बसतो.

मला ज्याने निवडलं तो एका डॉक्टरताईंचा धाकटा भाऊ. ताई जनावरांच्या डॉक्टर. डोंगराच्या कुशीतल्या गोठ्यांवर त्यांना जावं लागे आणि त्यांची फोर-व्हील-ड्राइव्ह जीप हा धाकटाच चालवी. घरात त्याला फारसं कुणी विचारत नसे. दोन नोकऱ्या सोडून झालेल्या, तिसरी मिळत नव्हती. पण गाडीतलं त्याला कळतं, असं ताई सगळ्यांना सांगत. त्याच्या वाट्याला आलेली शाबासकी ती तेवढीच.

सगळ्यात लांबच्या गोठ्याच्या वाटेवर एक घळ होती, तिरपी, खोल, दगडगोट्यांची. तिथे जीपचं पोट घासायचं आणि चाकं अडायची. एक दिवस ताई म्हणाल्या, "जनावरं पलीकडे आणि आपण अलीकडे, असं किती दिवस चालणार? काय बदलायचं ते तू ठरव. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

म्हणून तो मिस्त्रीकाकांच्या गॅरेजमध्ये आला. मी भिंतीवरच्या फळीवर होतो. सगळं ऐकलं.

"उंची पाहिजे की चाल? म्हणजे चाक किती वरखाली जाईल ते," काकांनी हात पुसत विचारलं.

"दोन्ही."

"दोन्ही मिळेल. लांब आणि मऊ स्प्रिंग, सोबत लांब शॉकॲब्सॉर्बर. गाडी दोनच इंच वर जाईल, पण चाक खड्ड्यात पार खाली पोचेल. चाक जमिनीला टेकलं तर गाडी पुढे जाणार ना? मागवायला तीन आठवडे लागतील."

धाकट्याने फळीकडे बघितलं. "आणि हे?"

"हे उद्या बसवतो. पण हे म्हणजे बुटक्याने टाचा उंच करून फोटो काढणं. शॉकॲब्सॉर्बर जुनेच, तेवढेच लांब. गाडी वर गेली म्हणजे त्यांची निम्मी लांबी उभ्याउभ्याच संपली. मग खड्ड्यात चाक खाली सोडायला उरलं काय?"

"तीन आठवडे ताईने काय पायी फिरायचं?"

कारण चांगलं होतं. खोटंही नव्हतं. पण मी त्याची नजर पाहिली होती. ती माझ्या खोक्यावरच्या डोंगरावर होती. त्याच्या दोस्तांच्या जीपा उंच होत्या आणि ते याच्या जीपला 'पाटावर बसलेली आजीबाई' म्हणायचे. येत्या रविवारी सगळे जमणार होते.

आणि मी? मी फळीवर चमकत होतो. मला निवडावं, एवढंच मला वाटत होतं.

"हात माझे, डोकं तुझं," काका म्हणाले. "बसवून देतो. पण नेण्याआधी एक कर. पुढचं एक चाक त्या उतरत्या फळीवर चढव. त्याच बाजूचं मागचं चाक जिथे येईल तिथे आधीच कागद ठेव. मग कागद ओढून बघ. निघाला तर चाक जमिनीवर नाही, हवेत आहे. मग मला सांग. काढून टाकू आणि स्प्रिंगा मागवू."

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघे बसलो. काका जेवायला गेले. धाकट्याने आधी टेप लावला. तीन इंच बरोब्बर. चारी बाजूंनी फिरून त्याने फोटो काढले. मग काहीतरी आठवल्यासारखं करून चाक फळीवर चढवलं. मागच्या चाकाखाली ताईंची एक जुनी लसीकरणाची चिठ्ठी ठेवली होती. तो वाकला आणि ओढली.

लोण्यातून केस निघावा तशी ती निघाली.

चिठ्ठीवर टायरच्या नक्षीचा धुळकट ठसा होता. त्याने तिची घडी घातली, खिशात ठेवली आणि गाडी फळीवरून उतरवली.

"बघितलंस का रे?" काका परतल्यावर म्हणाले.

"बघितलं. ठीक आहे."

मला तोंड असतं तर मी बोललो असतो का? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. नसतो बोललो. मला परत भिंतीवरच्या फळीवर जायचं नव्हतं.

ताईंना गाडीत चढायला गुडघ्यावर हात ठेवावा लागला. "अरे, शिडी पण आणायचीस ना सोबत," त्या हसल्या. पण शेजारणीला म्हणाल्या, "माझा भाऊ बघतो हो सगळं, मी निश्चिंत." वर स्प्रिंगच्या डोक्यावर बसून मी ते ऐकलं. रविवारी दोस्तांनी पाठ थोपटली, तेव्हा धाकटा हसला खरा, पण घरी येताना रेडिओ लावला नाही.

पंधरा दिवस बरे गेले. सपाट रस्त्यावर माझ्यासारखा गुणी मीच.

मग एका सकाळी मावशींचा फोन आला. मावशी म्हणजे घळीपलीकडच्या गोठ्याच्या मालकीण. गाय पहाटेपासून अडली होती, वासराचा पाय मागे वळला होता. ताईंनी चहा अर्धा ठेवला. अर्ध्या तासात आम्ही घळीपाशी होतो.

धाकट्याने गाडी तिरपी उतरवली. पुढचं एक चाक दगडावर चढलं. मागचं त्याच्या तिरकस समोरचंही चढलं. उरलेल्या दोघांना खाली जमीन शोधायची होती. ती खाली गेली, अजून थोडी गेली आणि थांबली. शॉकॲब्सॉर्बर संपले. मी काहीच देऊ शकलो नाही. माझ्याकडे होतंच काय? दोन्ही चाकं हवेत गरगर फिरत राहिली, इंजिनाचा सगळा जोर त्यांनीच खाल्ला आणि गाडी जागची हलेना.

"मागे घे," ताई म्हणाल्या.

"घेतोय."

"पुढे?"

त्याने गिअर बदलला, चाकं नुसतीच फिरली. ताईंनी घड्याळ पाहिलं, बॅग छातीशी धरली आणि त्या उंच दारातून खाली उडी मारली. पाय मुरगळला, तरी तशाच चालू लागल्या. पलीकडे दोन मैल चढ होता.

धाकटा स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. दुपारी एक ट्रॅक्टरवाला आला. साखळी बांधता बांधता म्हणाला, "एवढी उंच गाडी आणि चाकं अशी लोंबकळतात? दोरीवर वाळत घातलीत जणू."

ताई परत आल्या तेव्हा त्यांच्या बाह्या कोपरापर्यंत भिजून वाळल्या होत्या. "गाय वाचली," त्या म्हणाल्या. "वासरू गेलं. अर्धा तास आधी पोचले असते तर..." मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "वाटच तशी आहे. तू तरी काय करणार?"

तो हात त्याला किती जड झाला असेल, मला ठाऊक आहे. मी गाडीचं वजन उचलत होतो आणि मलाही तो सोसवला नाही.

चार दिवस त्याने जेवताना मान वर केली नसावी, कारण ताई सारख्या विचारत, "बरं नाही का तुला?" पाचव्या दिवशी त्याने अंगणात विटा रचल्या, पुढचं चाक त्यांवर चढवलं आणि हाक मारली, "ताई, जरा बाहेर ये."

"काय रे?"

"त्या मागच्या चाकाखाली कागद आहे. ओढ."

त्यांनी ओढला. "निघाला की. मग?"

"म्हणजे चाक हवेत आहे. घळीत अडकलो ते यामुळे. वाटेमुळे नाही. गॅरेजमध्येही निघाला होता. मी बघितलं होतं, ताई. काकांना खोटं सांगितलं."

ताईंनी कागद उलटा केला. ती त्यांच्याच अक्षरातली जुनी चिठ्ठी होती. टायरचा ठसा आता दुहेरी झाला होता. बराच वेळ त्या तो बोटाने पुसत राहिल्या, जणू पुसला तर बरं होईल.

"मी रागवावं म्हणून मला सांगतोयस?" त्या शेवटी म्हणाल्या. "रागावले. आता मावशींना सांग." आणि आत गेल्या.

त्याच दिवशी त्याने काकांना फोन करून स्प्रिंगा मागवल्या. त्या येईपर्यंत तीन आठवडे तो गाडी घळीअलीकडे उभी करी आणि ताईंची बॅग स्वतःच्या खांद्यावर घेऊन पलीकडे चाले. म्हणजे शेवटी तेच झालं. तीन आठवडे पायीच. मावशींना मात्र त्याने सांगितलं नाही. जाताना काहीतरी पुटपुटत जायचा आणि येताना गप्प असायचा.

आम्हाला काढलं तेव्हा काकांनी विचारलं, "भंगारात टाकू?" तिघे भाऊ गेले. धाकट्याने मला उचललं, रुमालात गुंडाळलं आणि ताईंच्या दवाखान्यातल्या टेबलावर आणून ठेवलं. ताईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग चिठ्ठ्या माझ्याखाली सरकवल्या.

तेव्हापासून मी इथे आहे. लाल रंग कडेने उडाला आहे. जीप घळ ओलांडून जाते, असं ऐकतो. ती आता फोटोत उंच दिसत नाही म्हणे.

मागच्या आठवड्यात मावशी आल्या. ताई आत होत्या, टेबलापाशी धाकटा होता. मावशींनी आपली चिठ्ठी माझ्याखाली ठेवायला मला उचललं. ज्या हाताने त्या दिवशी वासराचं अंग पुसलं असेल, त्याच हातात मी होतो. लाजेने तापता आलं असतं तर मी तापलो असतो.

"काय जड आहे हो. कशाचं हे?"

या वेळी धाकटा बोलला. कागदापासून घळीपर्यंत, सगळं.

मावशींनी मला तळहातावर तोललं. "एवढ्याशानं?"

"यानं नाही," तो म्हणाला. "माझ्यानं."

मावशी खिडकीबाहेर बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "गाय पुन्हा गाभण आहे. तारीख लिहिलीय बघ चिठ्ठीवर. येशील वेळेवर?"

"येईन."

"बघू," मावशी म्हणाल्या. मला हळूच खाली ठेवलं आणि गेल्या.

वाचणाऱ्यांनो, तुमच्याकडे गाडी असो वा नसो, काही निवडायची वेळ येईलच. तेव्हा माझ्यासारख्याच्या रंगाला भुलू नका. टेप लावण्याआधी कागद ओढून बघा. आणि निघाला, तर घडी घालून खिशात ठेवू नका.

मावशींची ती तारीख माझ्याखाली आहे. खिडकीतून वारा येतो, वरच्या चिठ्ठ्या फडफडतात. ती मी दाबून धरली आहे. एवढं तरी मला जमतं.