शर्ट परत करण्याचं काम

आमच्या घरी माणसं दोन आणि बोलणारी एकच: मी! दोन वर्षांपूर्वी बाबा गेले, तेव्हापासून आई घरात मूग गिळून बसते. पण दुकानात शिरली की बघा! आई मिस्ट्री शॉपर आहे. कंपनी तिला साधं गिऱ्हाईक म्हणून पाठवते. विक्रेते नीट वागले का, हे ती नंतर फॉर्म भरून कळवते. सोबत मी, विक्रेता किती वेळात लक्ष देतो त्याचे सेकंद मोजायला. त्यात माझा हात कोणी धरणार नाही.

या वेळचं काम दोन फेऱ्यांचं. नवऱ्यासाठी शर्ट घ्यायचा आणि सात दिवसांत ‘मापात बसत नाही’ म्हणून परत करायचा.

विक्रेत्याने माप विचारलं. आई दहा मिनिटं बोलली.

“बेचाळीस. हात लांब आहेत त्यांचे. आणि खिसा हवाच, चष्मा ठेवतात.”

ठेवतात! मी सेकंद मोजायचेच विसरले.

सहा दिवस शर्ट खुर्चीच्या पाठीवर. सातव्या दिवशी म्हटलं, “आई, आज परत नाही केला तर पुढचं काम गेलं. मी देऊन येऊ?”

“नाही चालत गं. ज्याने घेतला त्यानेच द्यायचा.”

काउंटरवर तोच विक्रेता. “काय ताई, साहेबांना बसला नाही का?”

नुसतं ‘नाही’ म्हणायचं होतं. मी कोपराने ढोसलं.

“बसला असता,” आई म्हणाली. “तेच नाहीत. दोन वर्षं झाली.”

त्याने शर्टाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. ‘बदलून दुसरा दाखवू का?’ हे विचारणं त्याला सक्तीचं होतं. ते सोडून त्याने स्टूल पुढे केलं. “बसा जरा.”

घरी फॉर्मवर तोच प्रश्न: बदलून देऊ केलं का?

“‘हो’ लिही ना! बिचाऱ्याचे गुण जातील.”

“खोटं कसं लिहू?”

“मग ‘नाही’ लिहिणार?”

“चुकले मी, भोगायचं त्याने?”

तिने खाली लिहिलं: ‘ठरलेलं कारण मी सांगितलं नाही. ही भेट हिशेबात धरू नये.’ आणि फॉर्म पाठवून दिला.

आठवडाभर कंपनीचा फोन नाही. शनिवारी, आमच्या दुकानात जायच्या दिवशी, आई सवयीने तयार झाली, पर्स घेऊन दाराशी आली आणि थांबली.

“कुठे निघालीस?”

“कुठेच नाही गं,” ती म्हणाली. पर्स मात्र खाली ठेवली नाही.