ओल्या भिंतीवरचा वजनकाटा

मित्रांनो, मी बाळांचे वजन करणारा एक जुना काटा आहे, आणि आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव संशयी आहे. माझ्या गोल तबकडीवर काळी सुई आहे आणि खाली कापडी झोळी लोंबते. कारखान्यात मी तयार झालो तेव्हा तपासनीस काकांनी एकच वजन मला तीन-तीनदा टांगून पाहिले. पहिल्यांदा बरोबर भरले तरी त्यांचा विश्वास बसेना. जन्मल्या जन्मल्या ज्याच्यावर अशी पाळत, तो दुसऱ्यावर काय विश्वास ठेवणार?

पुढे मी एका वस्तीतल्या आरोग्य केंद्रात आलो. तिथल्या नर्सबाईंनी मला दाराच्या चौकटीला टांगले. बाई कामाला वाघ, पण स्वभाव माझ्यासारखाच. दर महिन्याला बाळांची वजने होत आणि ज्याचे कमी भरेल त्याला पौष्टिक पिठाची पाकिटे मिळत. आता तुम्हीच बघा, वजन वाढले की पाकिटे बंद! म्हणून काही आया मुद्दाम बाळांना उपाशीपोटी आणतात, असे मला वाटे. एखादे बाळ झोळीतच शू करून हलके झाले, तरी मला त्यात कट दिसे. "आमचा काटा खोटं बोलत नाही," असे नर्सबाई सगळ्यांना सांगत आणि मी फुगून जाई.

वस्तीच्या टोकाला कपडे शिवणारी एक बाई राहत होती. तिची थोरली मुलगी सात वर्षांची आणि धाकटी दीड वर्षाची. धाकटीला सगळे चिमणी म्हणत. चिमणीचे वजन एका महिन्यात चढे आणि पुढच्या महिन्यात घसरे. ते पुरेसे कधीच भरत नसे, म्हणून पाकिटे मात्र नेमाने घरी जात होती.

"पाकिटं जातात कुठे?" नर्सबाईंनी एकदा सगळ्यांसमोर विचारले.

"तिलाच देते हो बाई."

"मग तिच्या अंगाला का लागत नाही? थोरली खाते वाटतं? हे बघ, पाकिटं देऊनही आता पुन्हा वजन घसरलं तर यादीतून नाव काढायला लागेल. वरून तसा नियमच आहे."

त्या बाईने मान खाली घातली. मी मनात म्हटले, चोर सापडला.

पुढच्या महिन्यात ती केंद्रात आलीच नाही. नर्सबाईंचा संशय बळावला. मला पिशवीत घालून त्या तडक तिच्या घरी गेल्या. घर म्हणजे एकच खोली, त्यात शिलाई मशीन, शेगडी आणि भिंतीला लागून खाट. त्या बाईने खुंटीवरची एक दोरी काढून पुढे धरली. धुऊन वाळवलेली सगळी रिकामी पाकिटे तिने दोरीत ओवून ठेवली होती.

"रिकामी पाकिटं काय, कुणीही जपून ठेवेल," नर्सबाई म्हणाल्या. खरे सांगतो, मलाही तसेच वाटले. खाटेवर चिमणी खोकत होती. दोन दिवसांपासून तिला जुलाबही लागले होते.

नर्सबाईंनी मला भिंतीवरच्या खिळ्याला अडकवले. झोळी अजून रिकामीच होती, तोच ओंजळभर चुना-माती घेऊन खिळा बाहेर आला आणि मी दाणकन खाली आदळलो. माझी काच तडकली, पण सुई शाबूत राहिली. नर्सबाईंनी भिंतीला हात लावला, तर तळहात ओला झाला. त्यांनी खाट ओढली. चिमणी जिथे डोके ठेवून झोपे, तिथे बुरशीने काळा पडलेला थर होता. खोलीमागून उघडे गटार वाहत होते आणि नळाचा गंजका पाइप त्या गटारातूनच घरात आला होता.

"अगं, हे कधी बोलली का नाहीस?"

"तुम्ही पाकिटांचं विचारलंत, बाई. भिंतीचं कुणी विचारलंच नाही."

केंद्राच्या फॉर्मवर वजन घसरण्याची तीनच कारणे छापलेली असत: आजार, अपुरा आहार, आईचा निष्काळजीपणा. नर्सबाईंनी रकान्याबाहेर 'भिंत आणि नळ' असे लिहिले. असे कारण यादीत नाही, म्हणून फॉर्म वरून परत आला. मग मात्र बाई हट्टाला पेटल्या. आडनावांप्रमाणे लावलेली सगळ्या बाळांची वजनाची कार्डे त्यांनी बाहेर काढली आणि घरे जशी ओळीने आहेत तशी केंद्राच्या फरशीवर मांडली. वस्तीतल्या आया भोवती बसल्या. गटाराच्या कडेला अकरा घरांत बाळे होती. त्यांतल्या नऊ बाळांची वजने चिमणीसारखीच खाली-वर होत होती. त्या नऊ जणींनी आजवर बोलणी खाल्ली होती, आणि प्रत्येकीला वाटत होते की आपलेच कुठेतरी चुकते.

ती कार्डे आणि मला घेऊन त्या सगळ्याजणी नगरपालिकेच्या सभेत गेल्या. "तुमचा काटाच पडलेला आहे म्हणे. आकडे खरे कशावरून?" तिथले साहेब म्हणाले. वजने तर मी पडण्याआधीची होती! कारखाना सोडल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी माझ्यावर संशय घेतला आणि तो किती झोंबतो ते मला कळले. पुष्कळ हेलपाटे झाले, पण शेवटी गटार झाकले गेले, पाइप गटाराच्या वरून आला आणि मागच्या भिंती नव्याने लिंपल्या. त्यानंतर ओळीने चार महिने चिमणीचे वजन चढत राहिले.

चौथ्या महिन्यात नर्सबाई तिच्या आईला म्हणाल्या, "माझं चुकलं गं. उगाच तुझ्यावर आळ घेतला."

"तुम्ही माझ्यावर घेतलात," ती म्हणाली, "आणि मी थोरलीवर. तूच खातेस ना चिमणीचं, म्हणून दोनदा मारलं हो तिला."

थोरली दाराशीच उभी होती. नर्सबाईंनी डब्यातली पोळी गुंडाळून तिच्या हातात दिली. पोरीने ती तोंडाशी नेली नाही.

मित्रांनो, बाळाचे वजन घसरले की आईकडे बोट दाखवण्याआधी त्याचे घर बघा, पाणी बघा, भिंतीला हात लावून बघा. मी ते फार उशिरा शिकलो. चिमणीचे वजन किती वाढले ते मी सांगू शकतो; थोरलीचे काय हरवले ते मात्र माझ्या तबकडीवर दिसत नाही. त्या दिवशी दाराशी उभ्या थोरलीने आधी आईकडे पाहिले, मग हातातल्या पोळीकडे, आणि हळूच विचारले, "हे माझंच आहे ना?"