बटणांखालच्या अक्षता

चमच्याच्या दांड्याने दिशाने कीबोर्डचं एक बटण उचकटलं, तसा त्याखालून तांदळाचा दाणा टुणकन उडून तिच्या मांडीवर पडला. कुंकवाने लाल झालेला. तिने तो शेजारच्या वाटीत टाकला आणि पुढच्या बटणाला हात घातला.

"आटप गं," स्वयंपाकघरातून सासूबाईंचा, गोजरबाईंचा आवाज आला. "पावणे नगर सोडून निघालेत. बटनं कशी चकाचक दिसली पायजेत."

कुठलं बटण कुठे बसवायचं ते विसरू नये म्हणून दिशाने आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवला होता. निघालेली बटणं साबणाच्या पाण्यात भिजत होती. मोकळ्या झालेल्या कीबोर्डवरून ती दात घासायचा जुना ब्रश फिरवत होती. हळदीची पुटं, झेंडूच्या वाळक्या पाकळ्या, निरांजनातून सांडलेल्या तुपाचा चिकटा. आणि तांदूळ. ब्रश फिरवावा तिथे तांदूळ.

हा कॉम्प्युटर तिच्या वडिलांनी रुखवतात दिला होता. "शिकल्याली पोरगी हाय, घरबसल्या कामं करंल की. आमी कशाला आडवतोय?" असं गोजरबाई भर बैठकीत म्हणाल्या होत्या. वडील बिचारे हरखले आणि भांडीकुंडी बाजूला ठेवून कॉम्प्युटर घेऊन आले. पहिल्या वर्षी सासरचे म्हणाले, कापूस वेचून होऊ दे. मग गाई वाढल्या. मग तिचा नवरा आदिनाथ एकदा जेवता जेवता म्हणाला, "तुला इथं काय कमी आहे?" झालं, विषय संपला. तेव्हापासून कॉम्प्युटर पुढच्या खोलीत क्रोशाच्या कव्हराखाली गप बसून होता. दसऱ्याला तेवढं कव्हर निघायचं. ट्रॅक्टर, विळे, कोयते यांच्या रांगेत त्यालाही हळदकुंकू, फुलं, अक्षता. पूजा दिशानेच करायची. "लक्ष्मी हाय ती," गोजरबाई म्हणायच्या. वा रे लक्ष्मी! हात जोडायचे, पण हात लावायचा नाही.

आज मात्र लावायचा होता. धाकट्या दिराचं, अंगदचं, लग्न जमत नव्हतं. तिशी उलटली होती, आणि शेती करणाऱ्या मुलाला हल्ली कोण मुलगी देतंय? तीन ठिकाणची माणसं घर बघून चहा पिऊन गेली, ती गेलीच. कोपरगावच्या पंकजाने मात्र फोनवर सरळ सांगितलं होतं, लग्नानंतर मी नोकरी करणार, चालत असेल तरच येते. गोजरबाईंनी पटकन सांगून टाकलं, "न चालायला काय झालं? आमची थोरली दिवसभर काम्पुटरवरच आसती."

अंगद आला आणि तिच्यासमोर उकिडवा बसला. पाण्यातली बटणं काढून फडक्याने कोरडी करू लागला. या घरात तिच्या कामाला आपणहून हात लावणारा तो एकटाच.

"वहिनी, आईनं खोटं सांगितलंय, माहिती हाय मला," तो खाली बघत म्हणाला. "पन एवढं जमू द्या. ती आली की मी न्हाई आडवनार तिला. आईचं काय ते नंतर बघू आपन."

"भाऊजी, तुमच्या दादांनीही हेच म्हटलं होतं. नंतर बघू."

हातातलं बटण अंगद उगाच पुसत राहिला. दिशाला त्याची कीव आली, आणि कीव आल्याचा रागही आला.

पाहुणे आले तेव्हा लाइट गेली होती. पंकजा, तिची आई आणि अमृतमामा. पोहे झाले, गोठा दाखवून झाला, विहीर दाखवून झाली. मग पंकजा उठून कॉम्प्युटरपाशी आली. बंद पडद्यापुढे कीबोर्ड नव्यासारखा लखलखत होता. तिने त्यावरून बोटं फिरवली.

"ताई, तुम्ही काय काम करता यावर?"

"आगं, दिवसभर टकटक चालूच आसती तिची!" गोजरबाई हसत म्हणाल्या. डोळे मात्र दिशावर रोखलेले.

दिशाने दाराकडे पाहिलं. अंगद चौकटीला टेकून उभा होता. इस्त्रीचा नवा शर्ट, चापून बसवलेले केस. मान हलवू नका, नाही म्हणू नका, असं त्याचं तोंड सांगत होतं. चार वर्षांपूर्वी आपल्याला इथे कुणी काही सांगितलं असतं तर? नाही सांगितलं. कुणी म्हणजे कुणीच नाही.

तिने पडद्यामागे ठेवलेली वाटी काढली आणि पंकजाच्या हातात दिली.

"हे काय?"

"सकाळी या बटणांखालून निघालं. दर दसऱ्याला मी याची पूजा करते. तेवढंच काम."

पंकजाने वाटीतल्या लाल-पिवळ्या तांदळांकडे पाहिलं, मग दिशाकडे. मामांनी घसा खाकरला आणि घाटातून उजेडात उतरलेलं बरं, असं काहीतरी म्हणाले. चहा टाकलेला होता. तो कुणी घेतला नाही.

गाडीची धूळ खाली बसेपर्यंत अंगणात कुणी हललं नाही. मग अंगदने नवा शर्ट काढून दोरीवर टाकला आणि तो गोठ्याकडे गेला. जाताना त्याने दिशाकडे बघितलं नाही.

"माज्या लेकराचं वाटोळं केलंस," गोजरबाई म्हणाल्या. एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही. थोड्या वेळाने आतून म्हणाल्या, "कव्हर घाल त्याच्यावर. धूळ बसंल."

तेवढ्यात लाइट आली.

दिशाने कव्हर उचललं, त्याची घडी घातली आणि बाजूला ठेवली. खुर्ची ओढून ती बसली. बटण दाबल्यावर आतला पंखा घरघरला, बऱ्याच वेळाने पडदा उजळला आणि त्याने पासवर्ड मागितला. माहेरी, लग्नाच्या आदल्या आठवड्यात, तिनेच तो टाकला होता.

तिने स्वच्छ बटणांवर बोटं ठेवली. आठवेना.