मनाच्या डॉक्टरांची राखदाणी

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. तुम्हांला हात नाहीत, पाय नाहीत. आहे ते नुसतं तोंड, आणि तेही सदा उघडं. कुणीतरी येतं आणि त्यात थुंकीनं भिजलेलं, अर्धवट विझलेलं चिरुटाचं थोटूक टाकून जातं. तुम्हांला ते थुंकून टाकता येत नाही. वरून राख पडते. थोड्या वेळानं कुणी कपातला उरलेला चहा ओततं आणि सगळ्याचा काळा चिखल होतो. झालं ना तोंड वाकडं? मग माझं आयुष्य तुम्हांला निम्मंअधिक कळलंच म्हणायचं. मी एक जुनी पितळी राखदाणी आहे.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. तापून लाल झालेलं पितळ साच्यात पडलं, निवलं आणि मी बाहेर आले. कारागिरानं मला घासून असं लखलखीत केलं की त्याला माझ्यात स्वतःच्या मिशा दिसू लागल्या. "हिच्यात बर्फी ठेवावी," तो शेजारच्याला म्हणाला. ते ऐकून मी मनात बर्फीची स्वप्नं रचू लागले. तेवढ्यात त्यानं कानस घेतली, माझ्या काठाला तीन खाचा पाडल्या आणि म्हणाला, "चिरूट टेकवायला बरं." संपली बर्फी!

मला एका डॉक्टरांनी विकत घेतलं. ते मनाचे डॉक्टर होते. त्यांच्या खोलीत सुया नव्हत्या, बाटल्या नव्हत्या. एक लांबलचक कोच होता, त्यावर जाड गालिचा अंथरलेला. कोचाच्या उशाशी, पण मागच्या बाजूला, डॉक्टरांची खुर्ची होती आणि खुर्चीजवळच्या टेबलावर मी. आजारी माणूस कोचावर पडून मनात येईल ते बोलायचा. त्याला डॉक्टर दिसायचे नाहीत, फक्त धूर दिसायचा.

भिंतीवर एका दाढीवाल्या म्हाताऱ्याचा फोटो होता. ही मनोविश्लेषणाची रीत ज्यांनी काढली, ते हे गृहस्थ. आमचे डॉक्टर आल्यागेल्याला त्यांचं चरित्र ऐकवत. मी ते इतक्यांदा ऐकलं आहे की मला तोंडपाठ झालं आहे. लोकरीच्या व्यापाऱ्याचा हा मुलगा. घर लहान, भावंडं पुष्कळ, पण आईचा भारी लाडका. याच्या अभ्यासात व्यत्यय येतो म्हणून बहिणीचा पियानो घरातून गेला. शिकत असताना यानं शेकडो वाम मासे चिरले. (त्या बुळबुळीत माशांचं वर्णन डॉक्टर जेवायला निघालेल्या पाहुण्यांना मुद्दाम ऐकवत.) पुढे तो मज्जातंतूंचा डॉक्टर झाला आणि त्याच्या ध्यानात आलं की काही माणसांचं दुखणं अंगात नसतंच. मनाच्या तळाशी काहीतरी दडपलेलं असतं, ते माणसाला स्वतःलाही ठाऊक नसतं, आणि कुणी नीट ऐकून घेतलं तर ते हळूहळू वर येतं. त्याची सगळीच मतं आज कुणी मानत नाही. पण ऐकून घेण्याची गोष्ट टिकली.

आता गंमत बघा. त्या म्हाताऱ्याला दिवसाला वीसेक चिरूट लागत. म्हणून आमच्या डॉक्टरांनाही लागत! गुरूसारखी दाढी, गुरूसारखा कोच, गुरूसारखं मागे बसणं, गुरूसारखा धूर. सगळी नक्कल अगदी बिनचूक. ऐकणं तेवढं कधीकधी राहून जाई.

पाहुणे माझी तारीफ करत. "वा डॉक्टर, काय झोकदार राखदाणी आहे!" असं म्हणत म्हणत माझ्यात नखांचे तुकडे टाकत. एकानं चघळलेलं च्युइंगम माझ्या खाचेत चिकटवलं. एकानं तर घसा खाकरून... जाऊ दे. तुम्ही लहान आहात.

खोली झाडायला एक मावशी येत. त्या मला दोन बोटांच्या चिमटीत धरून, मान फिरवून, मोरीपर्यंत नेत. "मेल्या उंदराला धरावं तशी धरते मी हिला," त्या म्हणत. मला त्याचा राग नाही आला कधी. मलाच माझी किळस येत होती.

एके दिवशी एक आई आपल्या मुलीला घेऊन आली. मुलगी नऊ वर्षांची. पूर्वी घरभर गरगर फिरायची म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. आता ती दारात खांबासारखी उभी होती. तिचे हात मी पाहिले. सोललेल्या बिटासारखे लाल. बोटांच्या पेरांना भेगा, भेगांत रक्त.

"दिवसातून चाळीसदा धुते," आई म्हणाली. "साबण लपवला तर मातीनं घासते. पेन्सिल धरवत नाही. आणि गेल्या आठवड्यापासून जेवण जवळजवळ टाकलंय. म्हणते, या हातांचं तोंडात कसं घालू? मी भरवायला गेले तर म्हणते, तुला माझे हात लागलेत. काय करू हो मी?"

डॉक्टरांनी भिंगरीला कोचावर झोपवलं, आपण मागे बसले आणि चिरूट पेटवला. "मनात येईल ते बोल, बाळ."

भिंगरी एक अक्षर बोलली नाही. दुसऱ्या खेपेला नाही, तिसऱ्या खेपेला नाही. सात खेपा झाल्या. ती छताकडे बघत पडे आणि मधूनच नाक दाबून धरी. जाताना मोरीत जाऊन खसाखसा हात धुई. डॉक्टरांनी वहीत लिहिलं, 'मनाचा तीव्र विरोध.' लिहिताना ते मोठ्यानं बोलत, म्हणून मला कळलं.

मावशी केर काढत होत्या. त्या थांबल्या. "विरोध कसला डोंबलाचा, डॉक्टर! लेकराला धुरानं मळमळतंय. आणि पाठीमागं बसून बोल-बोल म्हणताय, तिला काय भिंतीशी बोलायचंय?"

"मावशी, ही शास्त्रीय पद्धत आहे."

"असेल. पण पोरगी वाळत चाललीय."

आठव्या खेपेला भिंगरीचा फ्रॉक खांद्यावरून घसरत होता, इतकी ती रोडावली होती. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे ओलं थोटूक माझ्यात चिरडलं. चर्र आवाज झाला. भिंगरी ताडकन उठून बसली, वळली आणि तिनं मला पाहिलं. काठोकाठ भरलेली मी, वर पिवळट लाळेचा बुडबुडा.

"शी!"

या खोलीतला तिचा हा पहिला शब्द. पण तो तोंडातून निघताच तिनं दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबलं, जणू हातून काही फुटलं असावं.

डॉक्टर गडबडले. तिला बरं वाटावं म्हणून घाईघाईनं म्हणाले, "अगं, रागावत नाही मी. घाणच आहे ती. ते फोटोतले आजोबा आहेत ना, तेही असेच ओढायचे."

"मग त्यांना काही झालं नाही?" भिंगरीनं बोटांआडून विचारलं.

डॉक्टरांनी फोटोकडे पाहिलं. हा भाग ते पाहुण्यांना कधी सांगत नसत. "झालं. जबड्याचा कर्करोग झाला. तीसहून जास्त वेळा कापावं लागलं. तोंडात एक खोटा जबडा बसवला होता, तो सारखा टोचायचा. बोलणं कठीण, खाणं कठीण. तरी चिरूट सुटला नाही. म्हातारपणी जुलमी लोकांनी त्यांची पुस्तकं जाळली, देश सोडावा लागला. शेवटी शेवटी जखमेला इतकी दुर्गंधी येऊ लागली की त्यांचा लाडका कुत्रासुद्धा जवळ येईना. कोपऱ्यात अंग चोरून बसायचा."

"आणि ते बघत असायचे त्याच्याकडे?"

"हो. बघत असायचे."

भिंगरीचा चेहरा वेडावाकडा झाला. "कुत्र्याला काय कळतंय! मला तर कळत होतं!" असं म्हणून ती रडू लागली. डॉक्टर खुर्चीतून उठले. इतक्या वर्षांत प्रथमच ते कोचाच्या पुढे आले आणि तिच्यासमोर खाली जमिनीवर मांडी घालून बसले.

मग ते बाहेर आलं. घरी तिचे आबा होते, आईचे वडील. त्यांना अर्धांगवायू झाला होता. एका बाजूनं तोंड लुळं पडलं होतं. जेवताना त्यांच्या ओठातून भात आणि लाळ गळे. आईनं एकदा सांगितलं, आबांचं तोंड पूस. ओलं, कोमट, चिकट असं काहीतरी बोटांना लागलं आणि भिंगरी किंचाळली, "शी! घाणेरडे!" आबांनी मान भिंतीकडे वळवली. त्या दिवसापासून ते तिच्यासमोर जेवत नव्हते. ती खोलीत गेली की चादर तोंडावर ओढून घेत.

"ते चिकट अजून जात नाही," बोटं पुढे करून ती म्हणाली. "आबा घाणेरडे नाहीत. मीच आहे."

डॉक्टरांनी तिची बोटं नीट पाहिली. मग म्हणाले, "भिंगरे, ते फोटोतले आजोबा म्हणायचे की प्रत्येकाच्या आत तिघं राहतात. एक असतं हट्टी कार्टं. त्याला फक्त हवं आणि नको एवढंच कळतं. त्याचं नाव इदम्. दुसरी असते छडीवाली बाई. मोठी माणसं जे रागावतात ना, ते ऐकून ऐकून ती तयार होते. तिचं नाव पराहम्. तिसरी आहे घर चालवणारी. ती बाहेर काय चाललंय ते बघते आणि या दोघांची समजूत घालते. ती अहम्."

भिंगरीनं नाक ओढलं. "मग शी कोण म्हणालं?"

"कार्टं. कार्ट्यांना किळस येतेच. मला येते, मावशींना येते."

"मला तर रोज येते," दारातून मावशी म्हणाल्या. त्या केव्हाच्या तिथे उभ्या होत्या.

"आणि हात धुवायला कोण लावतं?" भिंगरीनं डॉक्टरांना विचारलं.

"छडीवाली. ती म्हणते, तू वाईट आहेस, धू. धुतलेस की म्हणते, अजून धू. तिचं कधी भागतच नाही."

"मग तिला हाकलून द्यायचं?"

"छे! ती हवी. नाहीतर कार्टं घर डोक्यावर घेईल. तिला एवढंच सांगायचं, बाई, ऐकलं तुमचं, आता पुरे. हे सांगायचं काम तिसरीचं. तुझी तिसरी जरा दमलीय. तिला खाऊ-पिऊ घातलं पाहिजे."

भिंगरीनं थोडा विचार केला. मग माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "तुमची छडीवाली तुम्हांला काही म्हणत नाही?"

मावशींनी पदर तोंडाला लावला. डॉक्टरांना असा ठसका लागला की डोळ्यांत पाणी आलं.

"म्हणते," ते शेवटी म्हणाले. "रोज म्हणते."

त्या संध्याकाळी डॉक्टरांनी स्वतःच्या हातांनी मला धुतलं. पहिल्यांदाच त्यांनी माझ्यात नाक घालून पाहिलं आणि त्यांना उमासा आला. चिरूट एकदम सुटले असं मी खोटं सांगणार नाही. ते अंगणात जाऊन चोरून ओढत. पण भिंगरीच्या वेळेला खोलीत धूर नसे आणि मागची खुर्चीही तिच्यासाठी पुढे येई. माझी रवानगी बाहेर, लोक वाट बघत बसतात तिथल्या खिडकीत झाली. आता माझी कुणी तारीफ करत नाही. माझ्यावर हिरवट डाग चढले आहेत, एक कोळी काठावरून ये-जा करतो. माझ्या बहिणी, म्हणजे दुसऱ्या राखदाण्या, अशा अडगळीला रडतात. मी मात्र सुखात आहे. माझं तोंड कोरडं आहे!

मित्रांनो, एका घाणेरड्या भांड्याचं एवढं ऐका. किळस आली म्हणून स्वतःला सोलून काढू नका. ती येते, शिंकेसारखी येते. पण ज्याच्या तोंडावर तुम्ही शी म्हटलं ते भांडं नसून माणूस असेल, तर त्याच्याकडे परत जा. आणि मनात काही सडत असेल तर ते झाकून ठेवू नका. जो पुढे बसून ऐकेल, अशा कुणाला तरी सांगा. मी पोटात घाण साठवून पाहिली आहे. ती आपोआप कधीच कमी होत नाही.

मी खिडकीत आले त्याच्या पुढच्या महिन्यात भिंगरी आली ती आबांची चाकाची खुर्ची ढकलत. हातांना मलम होतं, भेगा भरत आल्या होत्या. घरी ती आता आईच्या हातून जेवत होती, पण आबांनी अजून तिच्यासमोर घास घेतला नव्हता. आईनं चहाचा कप आणि बिस्किटांचा पुडा बाकावर ठेवला आणि ती डॉक्टरांना आल्याचं सांगायला आत गेली. आबांनी मान खिडकीकडे वळवली. म्हणजे थेट माझ्याकडे. त्यांचे ओशाळलेले डोळे मी जवळून पाहिले.

भिंगरीनं बिस्कीट चहात बुडवलं आणि त्यांच्या ओठांपाशी धरलं. "आबा, लवकर! तुटेल!"

बिस्कीट खरंच तुटू लागलं. आबांनी घाईनं तोंड उघडलं. निम्मं आत गेलं, निम्मं हनुवटीवरून ओघळलं, लाळेत कालवलेलं.

भिंगरीचं नाक आक्रसलं. ते आबांनीही पाहिलं आणि मीही. तिचे ओठ हलले, आत कुणालातरी काही सांगत असल्यासारखे. मग तिनं अंगठ्यानं आबांची हनुवटी पुसली, अंगठा फ्रॉकला पुसला आणि त्याच हातानं दुसरं बिस्कीट उचलून स्वतःच्या तोंडात टाकलं.