बुडालेल्या जहाजाच्या दारात

धाकट्या नणंदेच्या हट्टापायी वहिनी प्रशांत महासागरातल्या त्या बेटावर आली होती. दोघींनी बुडी मारायचं रीतसर शिक्षण घेतलं होतं, तरी वहिनीची भीती काही गेली नव्हती. बोटीवर पाठीला हवेची टाकी बांधताना ती म्हणाली, "जहाजाच्या आत नाही हं जायचं."

"नाही गं बाई! दादाने तुला माझ्यावर पहारा ठेवायला पाठवलंय की काय?" नणंद हसली.

खाली मालवाहू जहाज वाळूत कुशीवर पडलं होतं. गाइड पुढे, मागे नणंद, शेवटी वहिनी. एका उघड्या दारापाशी नणंद थबकली, आणि वहिनी हाताने "नको, नको" करेपर्यंत आत शिरलीसुद्धा.

लगेच दारातून गाळाचा लोट बाहेर आला. तिच्या पायांनी तळ ढवळला होता. आतलं काही दिसेना. लोखंडावर टाकी आपटल्याचा आवाज तेवढा येत होता. मग तोही थांबला.

गाइड पाठमोरा, बराच पुढे. तिने टॉर्च आपल्या टाकीवर जोरजोरात आपटला. तो वळला, पण पोचायला वेळ लागणार होता. आत जावं, तर दोघीही अडकणार. तिने एका हाताने चौकट घट्ट धरली, खांद्यापर्यंत आत वाकली आणि गाळात टॉर्च हलवत राहिली.

कुणीतरी तिचं मनगट पकडलं. पाठोपाठ गाळातून नणंदेचा चेहरा आला. डोळे फाटलेले, तोंडात हवेची नळी नाही. तिने वहिनीच्याच तोंडातली नळी हिसकावली.

खारं पाणी घशात गेलं. आता मी मरते, एवढंच वहिनीला कळलं. चाचपडत तिने छातीवरची जादा नळी शोधली, तोंडात कोंबली. घाईने वर गेलं तर जिवावर बेततं, म्हणून वर पळू पाहणाऱ्या नणंदेला तिने पट्ट्याला धरून ओढून ठेवलं. तेवढ्यात गाइड आला आणि दोघींना धरून सावकाश वर घेऊन गेला.

बोटीवर नणंद भडाभडा ओकली. "वहिनी, मी तुझी नळी..."

"बोलू नकोस आता," वहिनी म्हणाली. तिला नणंदेच्या थोबाडीत द्यायची होती, पण हात उचलेना.

खोलीवर आल्यावर नणंद अंघोळीला गेली आणि तशीच बाहेर आली.

"दार उघडं ठेवते. तू इथेच बसशील?"

वहिनी उंबऱ्यावर बसली. आत नळ सुरू झाला, आणि दोघीही दचकल्या.